प्रोग्राम लिहिण्यासाठी एडिटरची निवड : मराठी संहितेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने

भाषाभ्यासासाठी संगणकाचा उपयोग करू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात एक निवड करावी लागते. प्रोग्राम ज्यात लिहावयाचा आणि तो ज्या संहितेवर चालवावयाचा ती संहिता ज्यात उघडून पाहावयाची, ते साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर. मराठीत यास ‘संपादक’ म्हणावे अशी सूचना पुष्कळदा होते. परंतु संपादक म्हटला की मराठी वाचकास वृत्तपत्राच्या कचेरीत बसून दुसऱ्याच्या मजकुरावर लेखणी चालविणारा गृहस्थ आठवतो. आणि येथे ज्या साधनाचा विचार करावयाचा आहे त्याचा पहिला गुण नेमका याच्या उलट, म्हणजे सांगितल्यावाचून मजकुरास हात न लावणे, हा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘एडिटर’ हाच शब्द ठेवला आहे.

ही निवड सामान्यतः ऐकीव माहितीवर होते. वरच्या वर्गातील विद्यार्थी जो एडिटर वापरतो तोच खालच्या वर्गात उतरतो, आणि चर्चा झालीच तर ती वेग, रंगसंगती व कळफलकावरील सोयी यांपलीकडे क्वचित जाते. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ यांच्या अनुयायांतील वाद तर चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बोरू चांगला की टाक, या जुन्या पंतोजींच्या वादाहून तो फारसा निराळा नाही; दोहोंनीही सुबक अक्षर काढता येते हे दोन्ही पक्षांस मनातून ठाऊक असते. ज्याचा प्रोग्राम रोमन अक्षरांत आणि ज्याची सामग्रीही इंग्रजीच, त्याने यांपैकी काहीही घेतले तरी त्याच्या निष्कर्षांस बाध येण्याचे कारण नाही. मराठी संहितेवर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाबतीत एडिटरची निवड ही सामग्रीच्या विश्वसनीयतेची बाब होऊन बसते. ती कशी, हे एका परिचित जोडीपासून पाहता येईल.

‘आचारी’ या शब्दास ‘स’ हा प्रत्यय लागून ‘आचाऱ्यास’ होते आणि ‘आचार्य’ या शब्दास तोच प्रत्यय लागून ‘आचार्यास’. ‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’, आणि समुद्र या अर्थाचा शब्द ‘दर्या’. पहिल्या प्रकारात र हा पुढील व्यंजनाच्या डाव्या अंगास, डोळ्याच्या पापणीसारखा आडवा काढला जातो. दुसऱ्यात तो रफार होऊन माथ्यावर चढतो. हा भेद लेखनापुरता नाही. ‘दर्या’ म्हणताना द वर आघात येऊन तो गुरू होतो. ‘दऱ्या’ म्हणताना आघात येत नाही आणि तो लघूच राहतो. मराठी लेखनपद्धतीने उच्चारातील एक सूक्ष्म गोष्ट अचूक टिपल्याचे हे उदाहरण आहे.

यूनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत हा पापणीसारखा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (षोडशमान क्रमांक ०९३१), त्यापुढे हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे य येतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे, शून्य रुंदीचे, डोळ्यास न दिसणारे जोडचिन्ह (क्रमांक २००डी) येते. ही दुसरी रीत यूनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य ठेवली आहे. छापील पृष्ठावर या दोहोंत रेषेचाही फरक पडत नाही, त्यामुळे ती रूपे येथे शेजारी शेजारी मांडून काही साधणार नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन सर्वथा भिन्न शब्द आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ उमटविणारा टंकलेखक पहिले रूप निर्माण करतो. इतर काही टंकनसाधने दुसरे रूप निर्माण करतात. आणि निरनिराळ्या ठिकाणांहून जमविलेल्या संग्रहात दोन्ही रूपे एकत्र नांदतात.

आता समजा, एखाद्या साधनाने मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकली. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दात उरतात र, हलन्त आणि य, म्हणजेच रफार. स्वयंपाकघरातला माणूस तत्क्षणी गुरुपीठावर जाऊन बसतो, आणि संगणकास त्यात काहीही वावगे दिसत नाही, कारण ‘आचार्यास’ हा मराठीतील शुद्ध शब्द आहे. अशा जोड्या थोड्या असल्या तरी हानी थोडी नाही. ‘णारा’ प्रत्ययान्त सर्व धातुसाधितांची सामान्यरूपे, जसे करणाऱ्या, येणाऱ्या, बोलणाऱ्या. तसेच दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, ही सर्व रूपे या एका चिन्हावर अवलंबून आहेत. संकेतस्थळांवरील मराठीत रफार दिलेले ‘शेतकर्यांना’ हे रूप वारंवार आढळते. त्यातील काही टंकलेखकाच्या अज्ञानाने आलेले असेल. परंतु शुद्ध लिहिलेल्या शब्दातील जोडचिन्ह वाटेत कोठेतरी गळाल्यानेही नेमके हेच रूप उरते. या धातुसाधितांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या संग्रहात एकच रूप तीन वेषांत वावरत असेल आणि त्याने एकाचीच मोजणी केली असेल, तर त्याच्या कोष्टकातील आकडे कितीही काळजीपूर्वक बेरजा केल्या तरी खोटेच राहतील.

जोडचिन्ह गळण्यास केवळ निष्काळजी प्रोग्रामच कारण होतो असे नाही. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी ‘ट्रोजन सोर्स’ या नावाने एक धोका दाखवून दिला. लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे प्रोग्राममध्ये पेरल्यास वाचणाऱ्यास एक दिसते आणि संगणक दुसरेच करतो, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये अदृश्य व फसवी चिन्हे चौकटीत दाखविण्याची सोय आली. ही सोय स्तुत्य आहे. जे डोळ्यास दिसत नाही ते दाखविणे हे एडिटरचे कामच आहे. मात्र तीमागील गृहीतक असे की, प्रोग्राममध्ये अदृश्य चिन्ह असणे संशयास्पद होय. इंग्रजीच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे. मराठीत तेच चिन्ह शुद्धलेखनाचा भाग असते. इशारा पाहून सर्व अदृश्य चिन्हे एका झटक्यात पुसणारा विद्यार्थी सुरक्षेच्या नावाखाली संहिता बिघडवितो.

याच प्रकारचे दुसरे चिन्ह म्हणजे ‘झिरो विड्थ नॉन-जॉइनर’, शून्य रुंदीचे तोडचिन्ह. ‘अर्थात्’, ‘जगत्’ यांसारख्या पाय मोडलेल्या शब्दांच्या अंती ते अनेक टंकनसाधने आपण होऊन घालतात. शब्दाच्या अंती त्याची वस्तुतः काहीच आवश्यकता नसते; पण ते असले की वारंवारतेच्या यादीत ‘अर्थात्’ दोनदा येतो आणि दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात. ‘ॲ’ची कथा आणखी निराळी आहे. यूनिकोडमध्ये मराठी ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. तत्पूर्वीच्या मजकुरात तो अ आणि त्यावर अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो, आणि काही ठिकाणी ए वर अर्धचंद्र देणारे हिंदी वळणाचे अक्षर वापरलेले असते. यूनिकोडच्या प्रमाणीकरणाची प्रक्रिया चालविली म्हणजे हे भेद मिटतील अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. ही तीन रूपे त्या प्रक्रियेत एकमेकांशी जुळत नाहीत, ती अभ्यासकानेच ठरवून जुळवावी लागतात.

एडिटरांना हे सारे अवघड का जाते, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘ईडी’ हा एडिटर लिहिला तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्र होते. मजकूर ओळीओळीने मागावयाचा, तो कागदावर खडखडत उमटावयाचा, आणि दुरुस्तीची आज्ञा न पाहता द्यावयाची. १९७६ मध्ये बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला तो पडद्यासाठी. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाणांची चित्रे छापलेली होती, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर आजही त्याच कळांनी हलतो. पडद्याची रुंदी ८० घरांची. हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या भोकपाडीच्या कार्डापासून चालत आलेला. एक चिन्ह, एक घर, ही कल्पना अशा रीतीने यंत्राच्या घडणीतून एडिटरच्या घडणीत शिरली. रोमन लिपीस ती मानवते. ‘क्षि’ या अक्षरास ती मानवणे शक्य नाही. त्यात क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हे साठविलेली असतात, यूटीएफ-८ पद्धतीने त्यांना प्रत्येकी तीन याप्रमाणे बारा बाइट लागतात, सर्वांत शेवटी साठविलेला इकार सर्वांत आधी दिसतो, आणि वाचकाच्या दृष्टीने हे सगळे मिळून एक अक्षर असते.

टर्मिनलच्या चौकटीत चालणाऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये देवनागरी ओळ विस्कळीत दिसते, कर्सर अक्षराच्या भलत्याच भागावर उभा राहतो, आणि एखादा शब्द मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंचा संदर्भ दाखविणारी सूची, म्हणजे कॉन्कॉर्डन्स, कधीच सरळ स्तंभात बसत नाही. याचे कारण वरील इतिहासात आहे. ही केवळ सौंदर्याची तक्रार असती तर सोडून देता आली असती. परंतु कर्सर नेमका कोठे आहे हे कळेनासे झाले की दुरुस्तीही भलत्या ठिकाणी होते. मागे पुसण्याची कळ बहुतेक एडिटरांत एकेक साठविलेले चिन्ह पुसते, तर बाणाची कळ अख्ख्या अक्षरावरून उडी मारते. कळ दाबली, पडद्यावर काहीच पुसले गेले नाही, म्हणून ती पुन्हा दाबली, असे घडते तेव्हा पहिल्या वेळी एखादे अदृश्य चिन्ह गेलेले असते. अक्षर म्हणजे काय याविषयी प्रमाणसंस्थेचेही मत अलीकडेपर्यंत मराठी वाचकाच्या मताशी जुळत नव्हते. यूनिकोडच्या नियमांनुसार ‘क्षि’चे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन तुकडे मानले जात. देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. तो प्रत्येक एडिटरने अंगीकारला आहे असे गृहीत धरता येत नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची कसोटी म्हणजे शोध. ईडी या एडिटरमध्ये नमुन्याशी जुळणारी प्रत्येक ओळ छापण्याची जी आज्ञा होती तिच्याच अक्षरांवरून ‘ग्रेप’ या प्रसिद्ध साधनाचे नाव पडले. नमुना लिहिण्याची ती सांकेतिक भाषा, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, आज बहुतेक एडिटरांत व बहुतेक प्रोग्रामभाषांत आहे. तीत उलटी तिरकी रेघ व त्यापुढे लहान लिपीतील डब्ल्यू लिहिले की त्याचा अर्थ ‘शब्दात येऊ शकणारे कोणतेही चिन्ह’ असा होतो. नवशिक्यास शब्द वेगळे काढण्यासाठी प्रथम हेच सूत्र शिकविले जाते. पण शब्दात कोणती चिन्हे येऊ शकतात, यावर सर्वांचे एकमत नाही.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्यावा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये उघडलेल्या फाइलीच्या आत हे सूत्र वापरून शोध केला तर त्या शब्दात काहीही सापडत नाही, कारण तेथील शोध जावास्क्रिप्टच्या नियमांनी चालतो आणि त्या नियमांत शब्दचिन्हे म्हणजे केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा. त्याच एडिटरमध्ये संपूर्ण फोल्डरभर शोध केला तर तो ‘रिपग्रेप’ या वेगळ्या साधनाकडे सोपविला जातो; त्यास मात्रा, वेलांट्या व जोडचिन्हेही शब्दाचा भाग म्हणून मान्य आहेत, आणि शब्द अखंड सापडतो. हेच सूत्र पायथॉन भाषेच्या अंगभूत ‘आरई’ या मॉड्यूलात वापरले, तर अक्षरे मान्य पण मात्रा, अनुस्वार व हलन्त अमान्य असल्याने त्या एका शब्दाचे श, तकऱ, य, न असे चार तुकडे हाती येतात. एकच सूत्र, एकच शब्द, आणि शून्य, एक व चार अशी तीन उत्तरे. यांपैकी पहिले त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणावयास हवे, कारण काहीच सापडले नाही की माणूस सावध होतो. तिसरे सर्वांत घातक. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, यादी तयार होते, आणि मराठीतील सर्वाधिक येणारे ‘शब्द’ म्हणून एकेकटी व्यंजने वर येतात. एवढे ढोबळ असेल तर लक्षात येईल. पण केवळ एकूण शब्दसंख्या हवी असेल तर फुगलेला आकडा तसाच प्रबंधात जातो. पायथॉनचे ‘रीजेक्स’ हे स्वतंत्रपणे घ्यावयाचे मॉड्यूल या बाबतीत बरे आहे. अथवा देवनागरी विभागातील ०९०० ते ०९७एफ ही मर्यादा आणि ती दोन अदृश्य चिन्हे सूत्रात स्वतः लिहावीत. मात्र या मर्यादेत दंड, दुहेरी दंड व देवनागरी अंकही येतात याचे भान ठेवावे.

जाता जाता एका गमतीचा निर्देश करण्यास हरकत नाही. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (२००८) चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘दऱ्या’ हे नाव ऱ वापरून लिहिले तर ते चालते. जोडचिन्ह वापरून लिहिले तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. मराठी वाचकाला दोन्ही ठिकाणी तेच नाव दिसत असते.

फाइल कोणत्या संकेतनात, म्हणजे एन्कोडिंगमध्ये, आहे हे एडिटरने सतत दाखविले पाहिजे, आणि ‘या संकेतनाने वाच’ व ‘या संकेतनात बदलून लिही’ या दोन आज्ञा वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिलीने केवळ दिसणे बदलते, दुसरीने फाइलच बदलते. या दोहोंचा घोटाळा झाला की मूळ मजकूर परत मिळविणे दुरापास्त होते. विंडोजमधील साधे नोटपॅड २०१९ पर्यंत आपण होऊन ‘अन्सी’ संकेतनात फाइल ठेवीत असे. इशारा न वाचता संमती दिलेल्या अनेकांच्या मराठी मजकुराची त्या काळात प्रश्नचिन्हे झाली, आणि प्रश्नचिन्हांतून अक्षर परत येत नाही. आता तेथेही यूटीएफ-८ हेच रूढ संकेतन आहे. मात्र यूटीएफ-८ मध्येही फाइलीच्या आरंभी तीन बाइटांचे एक अदृश्य ओळखचिन्ह असू शकते. ते न काढता फाइल वाचली तर तिच्यातील पहिला शब्द वारंवारतेच्या यादीत स्वतंत्र नोंद म्हणून उभा राहतो. शंभर फायलींचा संग्रह असेल तर असे शंभरापर्यंत शब्द चुकीच्या जागी जातात. मुद्रणालयांकडून मिळणाऱ्या जुन्या फायली तर बहुधा यूनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेल्या असतात आणि एडिटरमध्ये रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तेथे संकेतनाची कोणतीही निवड उपयोगी पडत नाही. त्या विशिष्ट फाँटाचे यूनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रामच लागतो.

या कसोट्या लावल्या असता प्रचलित एडिटरांविषयी काय म्हणता येईल? वर्ड व त्यासारखी शब्दसंस्करणाची साधने प्रथमच बाजूस सारली पाहिजेत. ती सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतात, आणि तेवढ्यानेही प्रोग्राम बंद पडतो. विंडोजवर नोटपॅड-प्लस-प्लस (२००३ पासून) हा हलका व प्रामाणिक एडिटर आहे. संकेतन तो खालच्या पट्टीत दाखवितो आणि वर सांगितलेल्या दोन आज्ञा त्याच्या यादीत वेगळ्या आहेत. विम हा ब्राम मोलनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हीआयचा वारसदार. मोलनार २०२३ मध्ये निवर्तले तरी त्याचे काम चालू आहे. दूरच्या सर्व्हरवर मोठी फाइल उघडावयाची असेल तेव्हा त्यास तोड नाही, आणि कर्सराखालील चिन्हाचे क्रमांक अथवा बाइट दाखविणाऱ्या दोन छोट्या आज्ञाही त्यात आहेत. परंतु चौकोनी घरांची व्यवस्था त्याच्या पिंडातच असल्याने दीर्घ मराठी मजकूर त्यात वाचणे क्लेशदायक होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला. देवनागरीची जुळणी त्यात ब्राउझरप्रमाणेच चांगली होते, संकेतन दिसते, पायथॉनसाठी सोयी विपुल आहेत, आणि नवशिक्यास तो एका दिवसात वापरता येतो. त्याचे भय निराळे आहे. त्यास जोडता येणारी असंख्य विस्तारसाधने फाइल जतन करतानाच तीत फेरफार करू शकतात. कोणते साधन काय करते याचा विचार न करता ती जोडीत जाणे संहितेच्या अभ्यासकास परवडणारे नाही.

ईमॅक्सचा विचार येथे थोडा अधिक केला पाहिजे, कारण बहुभाषिक मजकुराचा प्रश्न त्याच्या कर्त्यांनी इतरांच्या बराच आधी गंभीरपणे घेतला. मूळ ईमॅक्स १९७६ मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या हातून घडला, ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये आला. जपानमधील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केनइची हांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ‘म्यूल’ नावाची बहुभाषिक आवृत्ती तयार केली आणि ती १९९७ मध्ये विसाव्या आवृत्तीत मुख्य प्रवाहात मिळाली. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ या साधनाचा त्यात उपयोग होतो, त्यामुळे जोडाक्षरे आता नीट उमटतात. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचा खरा गुण म्हणजे ‘डिस्क्राइब-कॅर’ ही आज्ञा. कर्सर एखाद्या चिन्हावर ठेवून ती दिली की त्या चिन्हाचे यूनिकोडमधील नाव, क्रमांक, वर्ग, साठवणुकीचे बाइट, आणि ते कोणत्या अक्षरजुळणीत सामील झाले आहे, ही सारी माहिती स्वतंत्र खिडकीत येते. हस्तलिखिताच्या अभ्यासकास भिंग जसे, तशी ही आज्ञा. ईमॅक्स शिकण्यास महिना-दोन महिने लागतात हे खरे, परंतु एवढ्या एका आज्ञेसाठी तो शिकावा लागत नाही. फाइल उघडणे, शोध घेणे व ही आज्ञा देणे एका तासात अवगत होते. यावरून व्यवहार्य मार्ग असा दिसतो की, प्रोग्राम लिहिण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड अथवा ज्याची सवय असेल तो एडिटर ठेवावा, आणि शंकास्थळे तपासण्यासाठी ईमॅक्स जवळ असावा. एकाच साधनाशी निष्ठा ठेवण्याचे काही कारण नाही. कोणते साधन किती वर्षे राहील हेही सांगता येत नाही. गिटहबने २०१४ मध्ये थाटामाटाने आणलेला ‘ॲटम’ १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आला. त्यात लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फायलींना मात्र काही झाले नाही.

कोणताही नवा एडिटर घेण्यापूर्वी त्याची परीक्षा करणे अर्ध्या तासाचे काम आहे. एका फाइलीत प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे ‘दर्या’, ऱ ने लिहिलेले ‘दऱ्या’, जोडचिन्हाने लिहिलेले ‘दऱ्या’, तोडचिन्हासह व त्यावाचून ‘अर्थात्’, आणि ॲ ची दोन रूपे लिहावीत. ही फाइल एडिटरने नव्हे तर छोट्या प्रोग्रामने, क्रमांक देऊन तयार करावी, म्हणजे आरंभीच घोळ होणार नाही. मग ती एडिटरमध्ये उघडून, शेवटी एक ओळ जोडून, जतन करावी आणि प्रत्येक शब्दाचे बाइट पुन्हा मोजावेत. ‘दर्या’ आणि ऱ चे ‘दऱ्या’ या दोहोंत पाच चिन्हे व पंधरा बाइट असतात. जोडचिन्हाच्या ‘दऱ्या’त सहा चिन्हे व अठरा बाइट. मात्र केवळ संख्येवर भिस्त ठेवू नये. यूनिकोडच्या विघटित रूपात ऱ चे र आणि नुक्ता असे दोन भाग होतात आणि त्या ‘दऱ्या’चेही अठराच बाइट भरतात. म्हणून चिन्हांचे क्रमांकच छापून पाहावेत. जी एडिटरची परीक्षा तीच त्याला जोडलेल्या प्रत्येक विस्तारसाधनाची.

संग्रहाच्या मूळ फायली केवळ वाचण्यापुरत्या खुल्या ठेवून, काम त्यांच्या प्रतीवर करावे आणि दोहोंतील फरक गिटसारख्या साधनाने वेळोवेळी पाहावा. पापणी-र च्या दोन रीतींपैकी एक निवडून सर्व संग्रह तीत आणावा. ऱ ची रीत अधिक सोयीची, कारण ती अदृश्य चिन्हावर अवलंबून नाही. हे रूपांतर प्रोग्रामने निर्धोकपणे होते. जोडचिन्ह आधीच गळून बिघडलेल्या मजकुराचे तसे नाही. ‘शेतकर्यांना’ अथवा ‘करणार्या’ ही रूपे मराठीत अन्य कोणत्याही शब्दाची असू शकत नाहीत, म्हणून त्यांची यादी करून ती यांत्रिक रीतीने दुरुस्त करता येतात. ‘दर्या’ आणि ‘आचार्यास’ यांच्यापाशी प्रोग्राम थांबतो. तेथे वाक्य वाचावे लागते, आणि वाक्यावरूनही निर्णय होत नसेल तर छापील ग्रंथ काढून त्या पानावर र कसा काढला आहे ते पाहावे लागते.